शहागंज ते उत्खननाचा चर : पाच वर्षांचा खर्च

गेल्या उन्हाळ्यात, बारावीचा निकाल लागल्यावर, आमच्या गल्लीतले एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. संभाजीनगरच्या शहागंजातच त्यांचं कापडाचं छोटं दुकान आहे. मुलीला पुरातत्त्व शिकायचं होतं आणि त्यांना एकच आकडा हवा होता : फी किती? आम्ही वही घेऊन दोन संध्याकाळी बसलो. फी हा त्या वहीतला सगळ्यांत छोटा आकडा निघाला. खरा पैसा जातो तो दुसऱ्या गावी राहण्यात, आणि त्याहून जास्त नुकसान होतं ते चुकीचे विषय घेऊन वाया गेलेल्या वर्षाचं.

अभिजात भाषा आणि पुरातत्त्व एकत्र, पदवीला जोडूनच पदव्युत्तर, अशी तयार वाट परदेशात आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं ब्रिन मॉर कॉलेज त्यासाठी ओळखलं जातं. पण तिथं राहण्याजेवणासकट वर्षाचा खर्च ऐंशी हजार डॉलरच्या वर जातो. आपल्याकडे ही जोडी आपली आपणच बांधावी लागते, आणि ती बांधायला संभाजीनगरसारखी जागा नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या टिपणात, ‘पेरिप्लस’मध्ये, पैठण आणि तेर ही दोन्ही गावं आहेत. इटलीत ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तिच्याशी जुळणाऱ्या घडणीची मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाली. तिथलं १९७३ चं उत्खनन नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून केलं होतं. खापर ओळखणारा आणि जुना मजकूर वाचणारा माणूस एकच असेल, तर अशा धाग्याची दोन्ही टोकं त्याच्या हाती येतात. म्हणून भाषा आणि पुरातत्त्व वेगळं करू नका, असं मी प्रत्येक पालकाला सांगतो.

आता पायऱ्या. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवी तीन वर्षांची किंवा ऑनर्ससह चार वर्षांची. तीन केली तर एमए दोन वर्षांचं, चार केली तर एक वर्षाचं. दोन्हीकडून पाच वर्षंच होतात. माझा कल तीन अधिक दोनकडे आहे. एमएची दोन वर्षं असली की खणायला जायचे दोन हिवाळे मिळतात, आणि हा विषय खड्ड्यात उतरल्याशिवाय येत नाही.

पहिली तीन वर्षं घरी राहूनच करावीत. शहागंजातून औरंगपुऱ्यातलं सरस्वती भुवन किंवा १९२३ पासूनचं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय पायी गाठता येतं. नागसेनवनातल्या मिलिंदला आणि रोजाबागेतल्या मौलाना आझादला रिक्षा किंवा सिटी बस. प्रवेशाच्या खिडकीवर पहिला प्रश्न विचारायचा तो हा : ही तुकडी ग्रँटची की नॉनग्रँट? एकाच कॉलेजात, एकाच विषयाला, या एका शब्दानं फी कितीतरी पटींनी बदलते. दुसरा प्रश्न : संस्कृत, पालि, फारसी यांपैकी काय प्रत्यक्ष शिकवलं जातं? माहितीपत्रकात विषय छापलेला असतो, पण शिकवायला माणूस आहे का, ते विचारून घ्या. माझ्या पुतण्यानं एका ठिकाणी विषय पाहून प्रवेश घेतला आणि वर्षभर त्या विषयाचा एकही तास झाला नाही. फी परत मिळाली असती, वर्ष मिळालं नाही.

भाषेवर एवढा जोर का, तर पुढचं दार त्यावर उघडतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची ग्रेटर नोएडाला पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्था आहे. तिथल्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदविकेला जागा अवघ्या पंधरा, आणि शिकणाऱ्यालाच विद्यावेतन मिळतं. इतिहास-पुरातत्त्वाच्या एमएबरोबर संस्कृत, पालि, प्राकृत, अरबी, फारसी यांतलं एमएही तिथं चालतं. गुण किमान ५५ टक्के हवेत. वयाची अट कडक असते, म्हणून मधलं एक वर्ष वाया जाणं महागात पडतं. शहागंजातल्या ज्या घरात उर्दू बोलली-वाचली जाते, त्या घरातल्या मुलांना फारसीची लिपी आधीच येत असते. त्यांनी फारसीकडं अवश्य पाहावं; या गावातले निम्मे शिलालेख त्यांची वाट बघत आहेत. मोडी शिकायची असेल तर राज्याचं पुराभिलेख संचालनालय वर्ग घेतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी, पालि आणि प्राकृत यांना अभिजात दर्जा मिळाला आहे. त्यातून काय सोयी होतील ते कळेलच, पण हाल राजाची प्राकृतातली ‘गाथासप्तशती’ वाचायला थांबायचं कारण नाही.

या तीन वर्षांत फिरण्यावर पैसे घाला, आणि ते फार लागत नाहीत. वेरूळचं तिकीट ४० रुपये, अजिंठ्याचं तेवढंच, दौलताबादचं २५. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं भाडं आहे, म्हणजे मुलीचा वेरूळचा दिवस डबा घरचा नेला तर दोनशे रुपयांच्या आत सहज बसतो. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतं. विद्यापीठाच्या डोंगराकडं सोनेरी महालात राज्य पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे. पैठणला गेलात तर नाथांचं दर्शन घेऊन परत फिरू नका, टेकाडावरची खापरं पाहा, पण उचलू नका. पुस्तकांना सुरुवातीला फार खर्च करू नये. मधुकर ढवळीकरांचं ‘महाराष्ट्राची कुळकथा’ विकत घ्यावं. सर्वेक्षणाचे जुने वार्षिक अहवाल संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात.

मग एमए. घरी राहून करायचं तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात इतिहास व प्राचीन भारतीय संस्कृती विभाग आहे, पालि आणि संस्कृतही आहे. पण झेपत असेल तर या टप्प्यावर पुण्याला जावं. येरवड्याचं डेक्कन कॉलेज १८२१ चं. संशोधन संस्था म्हणून ते १९३९ ला नव्यानं उभं राहिलं. ह. धी. सांकलियांनी नेवासा खणलं ते इथूनच, आणि संस्कृतचा महाकोश तयार होतोय तोही याच आवारात. प्रवेश परीक्षा असते.

पुण्याचा आमच्या वहीतला अंदाज असा : कॉट सहा हजार, मेस साडेतीन हजार, प्रवास-झेरॉक्स-औषध अडीच हजार. महिन्याला बारा हजार. वर्षाचे दहा महिने धरले तर दोन वर्षांचे दोन लाख चाळीस हजार. वसतिगृह मिळालं तर हा आकडा बराच खाली येतो, म्हणून प्रवेशाच्या दिवशीच वसतिगृहाचा अर्ज द्यावा. उत्खननाला जाड तळाचे बूट, टोपी, ट्रॉवेल, टेप, जाड पुठ्ठ्याची वही यांचे चार-पाच हजार वेगळे ठेवा. विद्यापीठ बदलताना स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता शुल्क लागतं. रक्कम लहान, पण कागद नसला तर प्रवेश अडतो.

आता परत काय मिळतं. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळालेला नसावा. पुण्यात शिकणाऱ्याला वर्षाला ६० हजार, संभाजीनगरात शिकणाऱ्याला ५१ हजार. मात्र ज्या गावात घर आहे त्याच गावात शिकत असाल तर ती मिळत नाही. शहागंजच्या मुलाला ती पुण्यातच लागू होईल, आणि तिथला निम्मा खर्च निघेल. आदिवासी विद्यार्थ्यांना ‘स्वयम्’, इतर मागास व भटक्या विमुक्तांना सावित्रीबाई फुले आधार योजना त्याच धर्तीवर आहे. परदेशाचा विचार असेल तर एक खाचखळगा ठाऊक असू द्या : केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा आणि इतिहास हे विषय वगळले गेले. गरीब घरातल्या मुलानं आपल्याच मातीचा अभ्यास बाहेर जाऊन करू नये, असा त्याचा अर्थ होतो आणि मला तो मनापासून खुपतो. अर्जाआधी त्या वर्षीचे नियम जरूर पाहा.

एमएच्या शेवटच्या वर्षी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्या. पुरातत्त्व, संस्कृत, पालि, प्राकृत असे स्वतंत्र विषय आहेत. खुल्या वर्गाला फी ११५० रुपये, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला ६००, अनुसूचित जाती-जमातींना ३२५. तिच्यातून जेआरएफ ही संशोधनवृत्ती निघाली तर महिना ३७ हजार मिळतात, म्हणजे पुण्याचे दोन वर्षांचे दोन लाख चाळीस हजार सात महिन्यांत भरून निघतात. यूजीसीनं २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांना मुभा दिली आहे, तेव्हा पुरातत्त्वाचं एमए चालू असताना भाषेचं एमए दूरशिक्षणानं करता येतं. मेहनती मुलानं हे नक्की करावं.

त्या मुलीनं इतिहास आणि पालि घेतलं. तिच्या वडिलांनी वही दुकानात गल्ल्याशेजारी ठेवली आहे आणि पहिल्या पानावर लिहून ठेवलंय : उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, दरवर्षी जूनच्या आधी.