देवाचा पूल आणि आपला मध्यस्थ

शास्त्रपाठ : ईयोब १४:१८-१९, ईयोब १९:२५, नीतिसूत्रे १२:१०, १ तीमथ्य २:५-६



अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात ‘नॅचरल ब्रिज’ नावाची एक पाषाणकमान आहे. ओढ्याच्या पात्रापासून तिची उंची २१५ फूट असून दोन्ही कड्यांमधील अंतर सुमारे ९० फूट आहे. या कमानीवरूनच त्या परगण्यास रॉकब्रिज हे नाव मिळाले. २०१६ साली ही जागा राज्य उद्यान झाली. शंभराहून अधिक पायऱ्या उतरून सीडर क्रीक या ओढ्याकाठी गेले की थोड्याच वेळात आपण कमानीखाली येतो. तीच वाट पुढे जाऊन एका धबधब्यापाशी संपते; एका बाजूचे अंतर साधारण एक मैल. मुलाबाळांसह सहज करता येईल अशी ही चाल आहे. घरचा कुत्राही बरोबर नेता येतो. मात्र तो पट्ट्याला बांधलेला असावा व पट्टा सहा फुटांहून लांब नसावा. आपली मुले वा नातवंडे त्या देशी असतील व कधी तेथे जाण्याचा योग आला, तर या वाटेवर कुटुंबाने मिळून मनन करावे असे चार विषय पुढे मांडत आहे. घरी बसून शास्त्र उघडणाऱ्यासही ते उपयोगी पडतील.

१. पाणी आणि पाषाण

ही कमान चुनखडीच्या जातीच्या खडकाची आहे. पाण्याने तो खडक विरघळत जाऊन भूगर्भात पोकळी झाली, कालांतराने तिचे छत कोसळले आणि जेवढा भाग टिकला तेवढीच ही कमान. हे पाहून सातत्याचे फळ असे बोधवचन सुचणे साहजिक आहे. परंतु ईयोब १४:१८-१९ वाचून पाहा. पाणी धोंडे झिजवते हे ईयोबास ठाऊक आहे, पण तो त्यातून धीर घेत नाही. त्याचप्रमाणे मनुष्याची आशाही देव नष्ट करतो, असा त्याचा विलाप आहे. दुःखिताच्या तोंडचा विलाप आपण घाईने सुभाषितात बदलू नये. ईयोबाला उत्तराची वाट पाहावी लागली, आणि १९:२५ मध्ये त्याच्या तोंडी एक शब्द येतो : ‘गोएल’. आपण त्यास उद्धारक म्हणतो. लेवीय २५:४७-४९ प्रमाणे कर्जापायी विकल्या गेलेल्या भाऊबंदास मोल देऊन सोडवणारा जवळचा नातलग, हा त्या शब्दाचा मूळ व्यवहार होय.

२. शास्त्रात नसलेला शब्द

तेथील मूळ रहिवासी मोनाकन लोक. त्यांच्यात परंपरेने सांगतात की शत्रू पाठीशी असता त्यांचे पूर्वज या घळीच्या काठी अडकले. त्यांनी प्रार्थना केली आणि समोर ही वाट दिसली. म्हणून ते तिला देवाचा पूल म्हणतात. ‘ख्रिस्त हा देव व मनुष्य यांमधील पूल आहे’ असे आपणही उपदेशात ऐकतो. दृष्टान्त म्हणून ते वावगे नाही. तथापि जुन्या कराराच्या इब्री संहितेत पूल या अर्थाचा शब्द आढळत नाही, नव्या कराराच्या ग्रीक संहितेतही नाही. पौल १ तीमथ्य २:५ मध्ये ‘मेसितेस’ म्हणजे मध्यस्थ हा शब्द योजतो. पूल निर्जीव असतो. त्यावरून जाणाऱ्याशी त्याचा काही संबंध नसतो. आज या कमानीच्या माथ्यावरून ११ क्रमांकाचा राजमार्ग जातो, आणि आपण कशावरून गेलो हे मोटारीतील पुष्कळांच्या ध्यानीही येत नाही. मध्यस्थाशी असा व्यवहार होऊ शकत नाही. तो आपणास ओळखतो आणि आपणही त्यास ओळखावे अशी अपेक्षा करतो.

३. मोल

लगेच पुढच्या वचनात पौल मुक्तीच्या मोलाविषयी बोलतो. मार्क १०:४५ मध्येही ‘लुत्रोन’ हा शब्द आहे. मराठीत त्यासाठी आलेला ‘खंडणी’ हा शब्द ऐकून आजच्या तरुणास धाकदपटशाने उकळलेला पैसा आठवतो. मूळ अर्थ मात्र दासाच्या सुटकेसाठी दिलेली किंमत असा आहे. या कमानीच्या इतिहासात त्याचे एक उदाहरण आहे. १७७४ साली टॉमस जेफरसन यांनी ही जागा इंग्लंडच्या राजाकडून २० शिलिंगांस विकत घेतली. दोनच वर्षांनी सर्व माणसे समान असल्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या या गृहस्थांच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. त्यांनी १८१७ साली कमानीची देखरेख पॅट्रिक हेन्री नामक एका स्वतंत्र कृष्णवर्णीयाकडे सोपवली. (त्याच नावाचे प्रसिद्ध वक्ते ते निराळे.) या हेन्रीने आपली पत्नी लुईसा हिला मोल देऊन विकत घेतले व मुक्त केले. स्वतःच्याच पत्नीसाठी त्यास पैसे मोजावे लागले! ‘लुत्रोन’ या शब्दामागे असलेले दास्य, बाजार आणि प्रीती ही तिन्ही येथे एकत्र दिसतात. ख्रिस्ताने मात्र पैसे नव्हे, स्वतःस दिले.

४. बरोबरचा मुका प्राणी

नीतिसूत्रे १२:१० चा आशय असा की नीतिमान आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेतो. इब्री क्रियापद ‘यादा’ म्हणजे जाणणे : तो आपल्या पशूचा जीव जाणतो. तेव्हा चालताना कुत्र्याची तहान, त्याचे तापलेले पाय, पायऱ्यांवरील त्याचा थकवा आपण जाणावा. त्याचे पाणी विसरून कमानीखाली गायिलेले स्तुतिगीत अपुरेच ठरेल. लहान मुलाच्या हाती पट्टा द्यावा व हे वचन त्यास समजावून सांगावे. घरच्या उपासनेतील धडा असाही देता येतो.

मननासाठी प्रश्न

१. कोणाच्या विलापावर आपण घाईने बोधवचन ठेवले आहे काय?
२. आपण ख्रिस्तास ओळखतो, की केवळ त्याच्यावरून पलीकडे जाऊ पाहतो?
३. आपल्या गावात वा कामाच्या ठिकाणी कोण अजून कर्जाच्या वा वेठीच्या बंधनात आहे? त्याचा जवळचा नातलग होण्यास मंडळीने काय मोल द्यावे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कुटुंबाने एकत्र बसून, नाव घेऊन द्यावे, ही नम्र विनंती.