समुद्रतळाचा उष्ण झरा आणि जीवसृष्टीची तिसरी शाखा

सजीवांचे वर्गीकरण आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. मात्र ते कोणत्या पुराव्यावर उभे आहे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. म्हणून या लेखात आम्ही एका अतिसूक्ष्म जीवाचा परिचय करून देत आहोत. त्याच्या जनुकांच्या वाचनाने जीवशास्त्रातील एका दीर्घ वादाला निर्णायक वळण दिले.

पूर्वी सजीवांचे दोन मोठे विभाग मानले जात : पेशीत केंद्रक असणारे, आणि केंद्रक नसणारे जीवाणू. 1977 मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी या समजुतीला आव्हान दिले. पेशीत प्रथिने घडविणाऱ्या रायबोसोममधील आरएनए त्यांनी निरनिराळ्या जीवांतून घेऊन ताडून पाहिला. मिथेन वायू निर्माण करणारे सूक्ष्मजीव दिसण्यात जीवाणूंसारखे असले, तरी वंशाने त्यांच्यापासून फार दूरचे आहेत, असे त्यांना आढळले. या तिसऱ्या शाखेस पुढे ‘आर्किया’ हे नाव मिळाले. अनेक शास्त्रज्ञांना मात्र हे पटले नाही. एकाच रेणूच्या साक्षीवर एवढा मोठा निष्कर्ष कसा मान्य करावा?

शंका रास्त होती. तिचे निरसन करण्यासाठी एखाद्या आर्किया जीवाचा संपूर्ण जनुकसंच वाचणे आवश्यक होते. निवड झाली मिथॅनोकॉकस यानाशी या जीवाची. ‘ॲल्विन’ पाणबुडीने प्रशांत महासागरात सुमारे 2,600 मीटर खोलीवरील उष्ण झऱ्यापासून आणलेल्या नमुन्यातून तो मिळाला होता. सुमारे 85 अंश सेल्सिअस तापमानात तो उत्तम वाढतो. प्राणवायू त्याला मारक ठरतो. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून मिथेन बनवून तो ऊर्जा मिळवतो.

एवढा लांब डीएनए सलग वाचता येत नव्हता. त्यासाठी वापरलेली युक्ती समजण्यास सोपी आहे. प्रस्तुत स्मरणिकेच्या अनेक प्रतींचे वाटेल तसे तुकडे केले, तर एका तुकड्याच्या शेवटच्या ओळी दुसऱ्याच्या आरंभाशी जुळतील, आणि अशा जुळणीतून संपूर्ण ग्रंथ पुन्हा उभा राहील. डीएनएचे असंख्य तुकडे वाचून संगणकाने हीच जुळणी केली.

क्रेग व्हेंटर यांच्या मेरिलँडमधील संस्थेने वोज आदींच्या सहकार्याने हे काम पूर्ण केले आणि ऑगस्ट 1996 मध्ये ते ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मुख्य गुणसूत्रात सुमारे 16 लाख 60 हजार अक्षरजोड्या होत्या. एकूण 1,738 संभाव्य जनुके आढळली. त्यांपैकी केवळ 38 टक्क्यांचे कार्य तेव्हा खात्रीने सांगता आले. ऊर्जानिर्मिती आणि चयापचय यांची बहुतेक जनुके जीवाणूंशी मिळतीजुळती होती. परंतु जनुकांची नक्कल करणारी आणि प्रथिने घडविणारी यंत्रणा केंद्रकयुक्त पेशींना, म्हणजे आपल्याच पेशींना, अधिक जवळची निघाली. जवळजवळ वीस वर्षे शंकेच्या छायेत राहिलेल्या मताला भक्कम आधार मिळाला.

आम्हांस यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. बाह्य रूपावरून ठरविलेले नाते तपासणीत टिकतेच असे नाही. आणि शंका घेणाऱ्यांना उत्तर द्यावयाचे, ते अधिक पुरावा गोळा करूनच. पाठ्यपुस्तकातील प्रत्येक कोष्टकामागे असा एखादा वाद असतो. आपल्या पाल्यांनी कोष्टकाबरोबर तो वादही जाणून घ्यावा, ही अपेक्षा.