स्टॉलवरचा शब्द थेट बागेत जातो

नोव्हेंबरात नाशिकला कृषिथॉन हे कृषी प्रदर्शन भरतं, तेव्हा द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी होऊन गेलेली असते. कुठे कोवळी फूट, कुठे घड फुलोऱ्यात. त्यात आभाळ भरून आलं की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. निफाड, दिंडोरी, चांदवडकडून प्रदर्शनाला आलेल्या अशा माणसाला आपण स्टॉलवर जे सांगतो, ते तो घरी जाऊन फवारतो. पीक-संरक्षणाच्या स्टॉलवर उभं राहणाऱ्या प्रत्येकाने हे आधी मनात पक्कं करावं.

एका वर्षी आमच्या स्टॉलवर हंगामापुरता घेतलेला एक मुलगा होता. चुणचुणीत, बोलायला गोड. एक जोडपं आलं. ताईंनी ओल्या रुमालातून द्राक्षाचं पान काढून पुढे धरलं. मुलाने पानाकडे नीट पाहिलंच नाही. तो दादांकडे वळून म्हणाला, "भुरी आहे. हे मारा, शंभर टक्के रिझल्ट." ताईंनी पान उलटं केलं. वरून पिवळे तेलकट डाग होते आणि पांढरी बुरशी खालच्या बाजूला. भुरी नव्हे, सरळसरळ डाउनी, म्हणजे केवडा. त्यांनी विचारलं, "काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं?" उत्तर आलं, "त्याचं टेन्शन नका घेऊ."

मी मध्ये पडलो आणि दोघांना आमच्या कृषितज्ज्ञांकडे नेलं. ते तसेच गेले असते तर भुरीचं औषध डाउनीवर पडलं असतं, आणि रोग हाताबाहेर जायला ढगाळ हवेचे दोन-चार दिवस पुरले असते. टेन्शनचं म्हणाल, तर 2010 साल आठवा. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रकाचे अंश सापडले आणि महाराष्ट्राची द्राक्षं युरोपात अडकली. तो फटका बागायतदार आजही विसरलेला नाही. त्यामुळे ताईंचा प्रश्न त्या दिवशी स्टॉलवर विचारला गेलेला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता.

म्हणून नव्या मुलांना मी काही गोष्टी बजावून सांगतो.

लेबलवर जे पीक आणि जो रोग छापलेला आहे, तेवढंच बोला. मात्रा आणि काढणीपूर्व कालावधी तोंडपाठ हवा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस यादी छापून टेबलावर ठेवा आणि त्यात बोट ठेवून दाखवा. "शंभर टक्के" हा शब्द तोंडात येऊ देऊ नका. हवामान आपल्या हातात नाही.

आधी विचारा, मग सांगा. वाण कोणता, छाटणी कधी झाली, मागची फवारणी कशाची? माहीत नसेल तर "विचारून सांगतो" म्हणा. त्यात कमीपणा नाही, अंदाजाने बोलण्यात आहे.

जोडीने आलेल्यांपैकी प्रश्न ज्याचा, उत्तर त्यालाच द्या. बागेत डिपिंग, विरळणी बहुतेक बायकाच करतात. पानावरचा पहिला डाग बहुतेक वेळा त्यांनाच दिसतो.

कपडे, चपला पाहून माणूस जोखू नका. अर्धा एकरवाल्यालाही तेवढाच वेळ द्या. त्याची एक फवारणी वाया गेली तर त्याला जास्त लागते. शेजारच्या स्टॉलची निंदा करू नका. मोबाइल खिशात ठेवा, डबा आत जाऊन खा. शेवटच्या दिवशी दुपारीच खोकी भरू नका. कळवण, सटाण्याहून एसटीने आलेला माणूस उशिराच पोहोचतो.

आणि नोंदवहीत नुसते मोबाइल नंबर गोळा करू नका. नंबरापुढे गाव, वाण, छाटणीची तारीख आणि प्रश्न लिहा. ज्यांना "विचारून सांगतो" म्हणालात, त्यांना प्रदर्शन संपायच्या आत फोन करा. डाउनी थांबत नाही, म्हणून उत्तरही थांबता कामा नये. विक्रीचे फोन नंतरही करता येतात.