इंजिन थांबल्यावरचे सहा सेकंद

सांबरा विमानतळावरून निघालेले शिकाऊ विमान घरघरत डोक्यावरून जाऊ लागले की आजही आपली मान आपोआप वर जाते. ३० मे २०२३ रोजी असेच एक दोन आसनांचे विमान तांत्रिक बिघाडामुळे विमानतळाजवळच्या शेतात उतरवावे लागले. आतील दोघेही वाचले. वर्तमानपत्रांत बातमी आली आणि चार दिवसांनी विषय मागे पडला. अशा प्रसंगी चहाच्या टपरीपासून प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत एक प्रश्न मात्र हमखास विचारला जातो : विमानतळ एवढा जवळ होता, तर वैमानिक मागे का फिरला नाही?

प्रश्न साधा वाटतो. त्याचे उत्तर अकरावीच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहे आणि ते सर्वांनी एकदा तरी कागद-पेन्सिल घेऊन काढून पाहावे, असे मला वाटते.

'सेसना १७२' हे चार आसनांचे, जगभर शिकाऊ वैमानिकांच्या हाती दिले जाणारे विमान घेऊ. उड्डाणानंतर ते ताशी सुमारे १३५ किलोमीटर गतीने चढते आणि दहा मीटर पुढे जाताना साधारण एक मीटर वर जाते. या वेळी पुढच्या पंख्याची ओढ दोन कामे करीत असते. एक, हवेचा विरोध भागवणे. हा विरोध विमानाच्या वजनाच्या सुमारे एक नवमांश असतो. दुसरे, वजन चढावर ओढून नेणे. त्यासाठी वजनाच्या एक दशांशाइतके बल लागते. इंजिन थांबले की ही दोन्ही देणी गतीतून फेडावी लागतात. दोन्ही मिळून वजनाचा साधारण पाचवा भाग होतो. म्हणजे मंदन गुरुत्वत्वरणाच्या एक पंचमांश, सेकंदास सुमारे २ मीटर प्रतिसेकंद. आपल्या नेहमीच्या मापात सांगायचे तर विमानाची गती दर सेकंदाला ताशी ७ किलोमीटरने घटते. ताशी ९० किलोमीटरच्या आसपास पंखांवरून वाहणारा हवेचा प्रवाह तुटतो व उचल कोसळते. यालाच वैमानिक 'स्टॉल' म्हणतात. १३५ आणि ९० यांतील अंतर ४५. त्याला ७ ने भागा. वैमानिकाने नाक तसेच वर धरून ठेवले, तर त्याच्याजवळ जेमतेम सहा सेकंद उरतात.

हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून निघणारा अर्थ ढोबळ नाही. या सहांतले तीन-चार सेकंद 'हे खरेच घडत आहे काय?' एवढे उमगण्यातच जातात. आणि मग करायचे काय? तर जमीन समोर दिसत असताना नाक खाली करायचे! मनुष्याचा सारा स्वभाव याच्या उलट आहे. जमीन जवळ येऊ लागली की हात दांडा मागे ओढू पाहतो. नाक वर जाते, उरलीसुरली गती संपते.

आता मागे वळण्याचा विचार करू. समजा, विमान १५० मीटर, म्हणजे ५०० फूट उंचीवर आहे. इंजिनाविना ते ताशी १२० किलोमीटर गतीने घसरत येईल, आणि सरळ गेले तर दर सेकंदाला पावणेचार मीटर खाली उतरेल. म्हणजे चाळीस सेकंद, आणि सुमारे तेराशे मीटर वाट. पुरेसे वाटते ना? पण वळताना विमान ४५ अंश कलवले, तर उचलीला वजन पेलून शिवाय वळवण्याचेही काम करावे लागते. पंखांवरचा भार १.४ पट होतो. स्टॉलची गती ९० वरून १०७ वर जाते, आणि खाली उतरण्याचा वेग दीडपट होतो. अर्धे वर्तुळ पुरे करायला दहा-अकरा सेकंद लागतात आणि त्यात ६० मीटर उंची खर्च होते. एवढे करूनही विमान धावपट्टीवर येत नाही. ते तिला समांतर, पण सव्वादोनशे मीटर बाजूला असते. आणखी वळावे लागते, मग उलट दिशेला वळून सरळ व्हावे लागते. समोरून येणारा वारा आता पाठीमागून ढकलत असतो. कागदावर हे गणित कधी कधी जमते. प्रत्यक्षात घाईने कलवलेल्या विमानाचा आतला पंख आधी स्टॉल होतो आणि ते गिरकी घेत खाली येते. इंग्रजीत या वळणाला 'अशक्य वळण' असेच नाव पडले आहे. सरळ पुढे, डावीकडे-उजवीकडे थोडेसेच वळून, मिळेल त्या मोकळ्या जागी पंख समतोल ठेवून टेकणे, हाच मार्ग त्यामुळे शिकवला जातो. विमान मोडते, पण बहुधा माणसे जगतात.

अनुभवाने हे गणित बदलत नाही. एकट्याने विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य वायली पोस्ट याने तो पराक्रम १९३३ साली केला. १५ ऑगस्ट १९३५ रोजी अलास्कातील पॉइंट बॅरोजवळ पाण्यावरून उड्डाण करताच त्याच्या विमानाचे इंजिन बंद पडले. जोडलेल्या तरंडांमुळे विमानाचे नाक मुळातच जड होते. इंजिनाची ओढ होती तोवर ते तोलले जात होते. विमान पाण्यात कोसळले. पोस्ट आणि त्याचा सोबती, विख्यात विनोदी नट विल रॉजर्स, दोघेही गेले.

उलट, उंची असेल तर चित्र वेगळे दिसते. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीच्या एका प्रशिक्षण संस्थेचे 'सेसना १५२' विमान उड्डाणाच्या क्षणी नव्हे, तर लांबच्या फेरीत असताना इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे शेतात कोसळले. इंजिनाची शक्ती गेल्याचे तेव्हा सांगण्यात आले. विमानात एकटी शिकाऊ वैमानिक होती, ती वाचली. तीन हजार फुटांवर इंजिन थांबले, तर आपल्या वरच्या हिशेबाने चार मिनिटे आणि आठ किलोमीटर हाती असतात. शेत निवडता येते, विजेच्या तारा टाळता येतात.

इंजिन पूर्ण बंद पडणे हाच सर्वांत वाईट प्रसंग, अशी आपली समजूत असते. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २००० ते २०१० या काळातील एक-इंजिनी विमानांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा भलतेच आढळले. उड्डाणानंतर इंजिन पूर्ण बंद पडल्याच्या ७५ घटना होत्या. त्यांत एकही जीवघेणी नव्हती. शक्ती अर्धवट गेल्याच्या २४२ घटना होत्या, आणि त्यांतील ९ जीवघेण्या ठरल्या. मेलेले इंजिन निर्णय सोपा करते. धापा टाकणारे इंजिन मात्र आशा लावते. 'अजून ओढते आहे, वळून पाहू' असे वाटते, आणि वळणाच्या मध्यावर ते दगा देते.

शक्ती जाण्याची कारणे बहुधा क्षुल्लक असतात. टाकीत साचलेले पाणी, रिकाम्या टाकीकडे वळलेली चावी, ठिणगी देणाऱ्या दोन मॅग्नेटोंपैकी एकातला बिघाड. दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फही धरतो. बाहेर २० अंश असतानाही. इंधनाची वाफ होताना आणि हवा अरुंद नळीतून जाताना तापमान एकदम उतरते, हे त्याचे कारण. म्हणून उड्डाणापूर्वी टाकीतले थोडे इंधन काचेत काढून उजेडात धरून पाहायचे, मॅग्नेटो एकेक करून तपासायचे, हे शिकाऊंकडून रोज करवून घेतात. कंटाळवाणे काम आहे, आमच्या प्रयोगवहीसारखेच.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला कोसळलेले बोइंग ७८७ हे काही हलके विमान नव्हे. पण त्याच्या प्राथमिक अहवालातले आकडे वाचताना हेच गणित आठवते. जमीन सोडल्यानंतर तीन-चार सेकंदांत दोन्ही इंजिनांच्या इंधनाच्या कळा, एका सेकंदाच्या अंतराने, बंद स्थितीत गेल्या. सुमारे दहा सेकंदांनी पहिली आणि चौदा सेकंदांनी दुसरी परत चालू स्थितीत आली. इंजिने पुन्हा पेटूही लागली होती. उंची उरली नव्हती. उड्डाणापासून नोंद थांबेपर्यंत ३२ सेकंद. पुढे मोकळे शेत नव्हते, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे वसतिगृह होते. विमानातील २४१ व जमिनीवरील १९ जण दगावले. कळा कशा हलल्या, यावर त्या अहवालाने निष्कर्ष दिला नव्हता. बाजारगप्पांनी मात्र दुसऱ्याच दिवशी निकाल लावून टाकला.

हलक्या विमानाच्या शिकाऊला म्हणूनच निर्णय जमिनीवर असतानाच घ्यायला लावतात. धावपट्टीच्या तोंडाशी थांबून, शेजारी प्रशिक्षक असो वा नसो, त्याने मोठ्याने म्हणायचे असते : धावताना इंजिन कुरकुरले तर थांबेन. चाके सुटल्यावर गेले तर नाक खाली, समोरच्या मोकळ्या जागेत उतरेन. ठरवलेल्या उंचीच्या वर पोचल्याशिवाय मागे वळणार नाही. मग वाऱ्याची दिशा पुन्हा एकदा पाहायची, आणि थ्रॉटल पुढे ढकलायचा.