रुग्णालय आणि आत्मिक शुश्रूषा

रुग्णाला औषध हवे, पथ्य हवे, स्वच्छ अंथरूण हवे, याविषयी दुमत नसते. परंतु ‘हे दुःख माझ्याच वाट्याला का यावे?’ असा प्रश्न त्याच्या मनात उठतो, तेव्हा त्याचे उत्तर औषधाच्या बाटलीत सापडत नाही. पाश्चात्त्य देशांतील अनेक रुग्णालयांत अशा वेळी रुग्णाजवळ बसण्यासाठी धर्मसेवक नेमलेला असतो. त्याला ‘चॅप्लेन’ असे म्हणतात. या जुन्या सेवेला पद्धतशीर शिक्षणाची जोड कशी मिळाली, ते आता पाहू.

अमेरिकेतील अँटन बॉयसेन (१८७६–१९६५) हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. १९२० मध्ये त्यांना तीव्र मनोविकार जडला आणि वर्षाहून अधिक काळ मनोरुग्णालयात काढावा लागला. तेथे त्यांना दुहेरी उणीव जाणवली. डॉक्टर लक्षणांची नोंद घेत. पण त्या भ्रमांमागे कोणती उलघाल चालली आहे, याची विचारपूस होत नसे. उपासनेसाठी येणारे धर्मोपदेशक प्रवचन करून निघून जात. समोरच्या श्रोत्यांच्या व्याधीची त्यांना जाण नसे. एकाला शरीर दिसे, दुसऱ्याला धर्मवचन. माणूस मात्र दोघांच्याही दृष्टीतून निसटे.

बरे झाल्यावर बॉयसेन यांनी हाच विषय अभ्यासासाठी निवडला. १९२४ मध्ये ते मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात धर्मसेवक म्हणून रुजू झाले. १९२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी धर्मशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांना तेथे बोलावले. हे विद्यार्थी रुग्णकक्षात परिचारकाचे काम करीत आणि जे पाहिले-ऐकले त्याची एकत्र बसून चर्चा करीत. ग्रंथाइतक्याच आस्थेने जिवंत माणूसही वाचला पाहिजे, हे या शिक्षणाचे सूत्र होते. रुग्णालयातील धर्मसेवकांच्या आधुनिक प्रशिक्षणाचा उगम या प्रयोगात मानला जातो.

पुढे इंग्लंडमध्ये डॉ. सिसिली साँडर्स यांनी ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली. मरणासन्न रुग्णाची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आत्मिक अशी चतुर्विध असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. तेथे नियमित मात्रेत दिलेले वेदनाशामक औषध आणि धीराने ऐकून घेणारा माणूस, या दोहोंना शुश्रूषेत स्थान होते. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईत स्थापन झालेले ‘शांती आवेदना सदन’ याच विचाराचे उदाहरण होय.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अंथरुणाला खिळलेला मनुष्य उठून जाऊ शकत नाही. त्याच्या या असहायतेचा लाभ घेऊन त्याला उपदेश करणे म्हणजे शुश्रूषा नव्हे. रुग्ण कोणत्याही धर्माचा असो वा कोणताच धर्म न मानणारा असो, त्याला जे बोलावेसे वाटते ते बोलू द्यावे. मौन हवे असेल तर मौन पाळावे. उत्तर देण्याची घाई न करता प्रश्नापाशी थांबता येणे, हीच या सेवेतील पहिली आणि सर्वांत कठीण विद्या आहे.