लहान संस्थेच्या धुरीणाची निवड

वाराणसीचा पंचगंगा घाट मराठी यात्रेकरूला परका वाटत नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारलेले बिंदुमाधवाचे मंदिर तेथेच आहे, आणि घाटावरील दगडी दीपमाळ अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखली जाते. या घाटाच्या पायऱ्यांविषयी एक प्रसिद्ध आख्यायिका आहे. स्वामी रामानंद पहाटेच्या अंधारात स्नानाला उतरत असता कबीर वाटेत आडवे पडून राहिले; स्वामींचा पाय लागला, त्यांच्या मुखातून रामनाम निघाले आणि कबीरांनी तोच गुरुमंत्र मानला. कथेच्या ऐतिहासिकतेविषयी अभ्यासकांत एकमत नाही. आपल्या विषयापुरते तिच्यात पाहावयाचे ते इतकेच की, येथे प्रवेश देणारा एकच होता. गुरूचा शब्द मिळताच प्रश्न मिटला.

आधुनिक काळातील लहान संस्थेत, मग ती शाळा असो, ग्रंथालय असो वा सेवामंडळ असो, एवढ्याने भागत नाही. मोठ्या कचेरीत प्रमुख बदलला तरी नियम आणि हुद्दे यांच्या आधाराने काम पुढे सरकत राहते. दहाबारा माणसांच्या संस्थेत मात्र प्रमुखाच्या सवयी याच संस्थेच्या सवयी होऊन बसतात. म्हणून तेथील मुलाखतीत उमेदवाराची लायकी हा बहुधा सर्वांत सोपा प्रश्न असतो. याचे बोलके उदाहरण पुण्यात १९१५ साली घडले.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाज स्थापन केला. सभासद मोजकेच, प्रत्येकाला प्रतिज्ञा घ्यावी लागे आणि पाच वर्षांची उमेदवारी करावी लागे. जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परतले, तेव्हा त्यांनी समाजात यावे, अशी गोखल्यांची उत्कट इच्छा होती. अर्ज पदाचा नव्हता, सभासदत्वाचाच होता, हे खरे. परंतु सत्याग्रहाचा हा नेता साधा सभासद म्हणून मागच्या रांगेत बसेल, असे मानणे कठीण होते.

गांधीजी पुण्यास येऊन सर्व सभासदांना भेटले. चर्चा मोकळी झाली. सभासदांना त्यांच्याविषयी आदर होता. शंका होती ती ध्येये आणि कार्यपद्धती जुळतील की नाही, याविषयी. गोखल्यांनी ही शंका दडपली नाही. सभासदांनी तुम्हांला घेतले नाही तरी त्यांच्या मनात प्रेम कमी आहे असे समजू नका, हे त्यांनी गांधीजींना आधीच सांगून ठेवले. शिवाय आश्रमाच्या खर्चासाठी समाजाच्या वहीत गांधीजींच्या नावे खाते उघडण्यास त्यांनी डॉ. देव यांना सांगितले. पैशाचा प्रश्न प्रवेशाच्या प्रश्नापासून अशा रीतीने वेगळा काढला गेला. लहान संस्थांत हे दोन प्रश्न नेहमी एकमेकांत गुंततात आणि उमेदवाराला स्पष्ट बोलता येत नाही. गोखल्यांची ही दूरदृष्टी फारशी कोणी नोंदत नाही, याचे नवल वाटते.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले निवर्तले. गांधीजी त्या वेळी शांतिनिकेतनात होते; ते तातडीने पुण्यास आले. गोखले असेपर्यंत केवळ त्यांच्या इच्छेप्रमाणे वागायचे होते. आता प्रवेश मागावा लागणार होता. घाटावरील गुरू नाहीसा झाला होता आणि पायऱ्यांवर समान अधिकाराची माणसे उभी होती. सभासदांत उघड दोन पक्ष पडले. एकाला गांधीजी हवे होते, दुसऱ्याचा ठाम विरोध होता, आणि दोन्ही पक्षांना त्यांच्याविषयी सारखाच स्नेह होता. बैठकीत दीर्घ चर्चा होऊन निर्णय पुढे ढकलला गेला.

मतमोजणीने हा प्रश्न सुटला असता काय? कदाचित गांधीजींना बहुमत मिळालेही असते. परंतु इतक्या लहान मंडळात विरोधी मत देणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्याच पंगतीत जेवायला बसतो. बहुमताच्या जोरावर आत जाणे गोखल्यांवरील निष्ठेशी सुसंगत होईल का, हा प्रश्न गांधीजींनी स्वतःला विचारला, आणि तहकूब झालेली बैठक भरवूच नये असे श्रीनिवास शास्त्री यांना लिहून त्यांनी अर्ज मागे घेतला. त्यामुळे विरोध करणाऱ्यांची अडचण टळली आणि परस्परस्नेह अधिक दृढ झाला, असे त्यांनी पुढे आत्मकथेत नमूद केले आहे.

अध्यक्षपद शास्त्री यांच्याकडे गेले. ते १९०७ पासून समाजात होते. त्यांची मते, त्यांचा मवाळपणा, सारे सभासदांच्या परिचयाचे होते. गांधीजींनी त्याच वर्षी मे महिन्यात अहमदाबादजवळ कोचरब येथे आपला आश्रम उघडला. पुढे १९२७ साली शास्त्री भारत सरकारचे एजंट म्हणून दक्षिण आफ्रिकेस गेले, तेव्हा समाजाची धुरा गोपाळ कृष्ण देवधर या आरंभापासूनच्या सभासदाकडे आली.