कूलरच्या पंपाला कोणता स्विच लावू, ताई?

अगं, पंप केवढा आणि तुझी काळजी केवढी! वर्ध्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की रात्रभर कूलर लागतोच. पण पंप सतत चालला तर पहाटे खोली दमट होते, अंथरूण चिकट लागतं. म्हणून तुला तो थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद असा आपोआप चालवायचाय. ताट्या एकदा भिजल्या की काही मिनिटं ओल्या राहतात, तेव्हा तुझा विचार बरोबरच आहे. दुकानदारानं रिले, ट्रायॅक, सॉलिड स्टेट रिले अशी नावं एका दमात सांगितली म्हणून घाबरायचं नाही. एकेक बघू.

आधी पंपावरचा आकडा वाच. घरगुती कूलरचा पंप साधारण १८ ते ४० वॉटचा असतो. ४० ला २३० व्होल्टनं भागलं तर ०.१७ अँपिअर येतात. मोटार आहे म्हणून थोडं जास्त धर, तरी अर्ध्या अँपिअरच्या आतलंच काम. त्यासाठी २५ अँपिअरचा सॉलिड स्टेट रिले कशाला?

ट्रायॅकचा आवाज होत नाही, त्यात झिजणारा भागही नसतो. पण खरं सांगू का, तो बंद असतानाही थोडा करंट झिरपतो, आणि त्याच्या बाजूला लावलेल्या कपॅसिटरमधून आणखी. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर सुमारे ७ मिलिअँपिअर. शिवाय आपल्या घरच्या विजेचा व्होल्टेज क्षणाक्षणाला ३२५ पर्यंत चढतो, म्हणून ४०० व्होल्टचा स्वस्त ट्रायॅक नको, ६०० चा बघावा लागतो. पाण्याजवळच्या कामात एवढी गुंतागुंत नकोच.

तू साधा रिले घे. निळ्या डबीचा, ५ व्होल्टच्या कॉइलचा, वर १० अँपिअर २५० व्होल्ट एसी लिहिलेला. टायमरसकट तयार बोर्डही मिळतो. झिजेल म्हणतेस? बघ, दर दहा मिनिटांनी एकदा लागला तर दिवसाला १४४ वेळा, तीन महिन्यांत तेरा हजार. असे रिले पूर्ण भारावर साधारण लाखभर वेळा चालतील असे बनवलेले असतात, तुझा भार तर अगदीच किरकोळ. पंप बंद होताना आत ठिणगी पडते, तेवढ्यासाठी पंपाच्या दोन तारांमध्ये एमओव्ही, म्हणजे व्होल्टेजचा झटका शोषून घेणारा छोटा भाग, टाकून घे.

जोडणीचं नीट ऐक. रिलेनं फेजची तार तोडायची, न्यूट्रलची नाही. तार ‘नॉर्मली ओपन’च्या स्क्रूला लाव, म्हणजे रिलेला ५ व्होल्ट देणारा चार्जर बंद पडला तर पंपही बंदच राहील. फेजमध्ये १ अँपिअरचा फ्यूज हवा. ५ व्होल्टसाठी बीआयएस नोंदणीची खूण असलेला चांगला चार्जर घे. सगळं झाकणाच्या प्लास्टिक डबीत, भिंतीवर उंच, जिथं शिंतोडे उडत नाहीत अशा जागी बसव. पहिल्यांदा पंपाऐवजी बल्ब लावून पाहा आणि पंप जोडण्याआधी लायसन्सवाल्या वायरमनला सगळं दाखव. यात कमीपणा नाही गं.

आणि आता माझी खरी काळजी. आपल्याकडचे कूलर लोखंडी, खाली पाण्याची टाकी, आणि दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. स्विच कितीही चांगला असो, त्याच्या भरवशावर टाकीत हात घालायचा नाही. पाणी भरताना प्लग काढायचा म्हणजे काढायचाच. महावितरणही हेच सांगतं. तीन पिनचा प्लग, चालू असलेलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच), हे तिन्ही हवेतच. स्विचमध्ये वाचलेले पैसे तिकडे घाल. घर भाड्याचं आहे म्हणून संकोच करू नकोस. घरमालकांकडे अर्थिंगचा विषय आजच काढ, रिले उद्या आणला तरी चालेल.